कृत्रिम कड्याची मागची बाजू

सूस, ता. मुळशी
६ फेब्रुवारी २०२४

मा. व्यवस्थापक, मौजघाट मनोरंजन नगरी यांस,

स.न.वि.वि.

गेल्या आठ महिन्यांत मी आपल्या पार्कात पाच वेळा येऊन गेलो. तक्रार काही नाही. सूचनापेटीत बहुतेक तक्रारीच पडत असणार, म्हणून हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं आपण निवांत वाचाल.

मी दयानंद बिराजदार. मूळचा उदगीरचा, वीज मंडळातून निवृत्त, आता सूसला मुलाकडे, शैलेशकडे राहतो. मला पार्कांचं वेड आहे. पाळण्यात बसायचं नव्हे. पाळण्यात बसलं की मला मळमळतं. मला ते कसं केलंय हे बघायचं वेड आहे. लोक रांगेत कंटाळतात. मी रांगेसाठीच तिकीट काढतो, कारण खरी गंमत रांगेच्या भिंतींवर असते. आजवर देशातली एकतीस पार्कं पाहिली, प्रत्येकाची वेगळी वही आहे. फोटो मी काढत नाही, हाताने रेखाटतो. आमचं एक उद्यानप्रेमी मंडळ आहे, सत्तेचाळीस सभासद, दर तीन महिन्यांनी पत्रक निघतं. त्यात माझ्या नोंदी कोणी तपासून बघत नाही. बिराजदार पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही, एवढी पत मी कमावली आहे. दुसरं फारसं काही कमावलेलं नाही.

आता मुद्दा. आपला किल्ला बाहेरून तीन मजली दिसतो, प्रत्यक्षात दोनसुद्धा भरत नाही. वरच्या खिडक्या लहान आणि विटा बारीक करून उंची भासवली आहे. छान. भुताच्या महालातली सगळी घड्याळं चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेली आहेत, आणि सांगाड्याच्या मनगटावरचंही. हेही छान. पण त्या पाली! सिमेंटच्या खडकांत बोटाएवढ्या पाली कोरल्या आहेत, एका ठिकाणी एकच, आणि अशा जागी की शोधणाऱ्यालाच दिसावी. मला तेरा सापडल्या. चौदावी आहे का? आणि हे करणारा माणूस कोण?

माहितीपुस्तिका पाठवू नयेत. त्या माझ्याकडे आहेत.

आपला,
दयानंद बिराजदार


मौजघाट, रंगकाम विभाग
१९ फेब्रुवारी २०२४

मा. बिराजदार साहेब यांस,

सा.न.वि.वि.

आमचे व्यवस्थापक किशोर सर यांनी तुमचं पत्र माझ्याकडे दिलं. "पालीबिली मला माहीत नाहीत, तुझ्या वडिलांना विचार आणि तूच उत्तर लिही," असं म्हणाले.

मी गौतमी ढमाले. इथे रंगकामाला आहे. खडक, झाडं, हत्ती, पार्कात जे जे खोटं आहे ते दर वर्षी आम्ही पुन्हा रंगवतो. पाली माझ्या वडिलांच्या आहेत. त्यांचं नाव कुशाबा ढमाले, सिमेंटचे खडक तेच करतात. पार्क उभं राहिलं तेव्हा ठेकेदार कोणाला कामावर नाव घालू देत नव्हता. म्हणून एक भाग पुरा झाला की एक पाल सोडायची, असं बाबांनी ठरवलं. पंधरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "तेरा घावल्या? ह्यो मानूस हाय का कोन हाय?" मग आत्याला हाक मारली आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दोन दिवस घरात दुसरा विषय नाही.

चौदावी तिकीटखिडकीच्या छताला आहे. मान वर करा.

एक विनंती. धबधब्याच्या कड्यामागे मात्र काही नाही. तिथे निसरडं आहे आणि गांधीलमाश्यांचं पोळं आहे. तिकडे जाऊ नका.

आणखी काही विचारायचं असेल तर पत्रच टाका, माझ्या नावानं. आमच्या वाडीत फोनला रेंज नसते, आणि पार्कात कामावर असताना फोन जमा करावा लागतो.

आपली,
गौतमी ढमाले


सूस
३ मार्च २०२४

गौतमीताई,

चौदावी सापडली. मान अवघडली, पण सापडली. कुशाबांना माझा नमस्कार सांगा.

आता तुमच्या 'तिकडे जाऊ नका'बद्दल. पार्कातली माणसं जेव्हा एखाद्या ठिकाणी काहीच नाही असं आवर्जून सांगतात, तेव्हा नेमकं तिथेच काहीतरी असतं, हा आम्हा मंडळींचा कित्येक वर्षांचा अनुभव आहे. तुमचा इशारा मी ताबडतोब ओळखला. काल शनिवारी सकाळची पौडची बस धरली आणि फाटक उघडल्याबरोबर धबधब्याच्या कठड्यावरून पलीकडे उतरलो. गांधीलमाशी एकही दिसली नाही.

आणि ताई, काय काम आहे! कड्याच्या पाठीला, खाली बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, हातभर रुंद फट. आत सात लहान दगड, ओळीने. शेंदूर असा की वर्षानुवर्षं थरावर थर लावल्यासारखे ओघळ दिसतात. वरच्या अंगाला दिव्याची काजळी रंगवली आहे, तीही एका बाजूला जास्त. म्हणजे वारा कुठून येतो याचासुद्धा विचार केलेला आहे. हिरव्या बांगड्या, त्यातली एक मुद्दाम फुटकी. पानावर दहीभात, बहुधा प्लास्टरचा. त्यावर मुंग्या होत्या. त्या खऱ्या असाव्यात. खालून पाणी झिरपतं, त्याचा पाईप कुठून आणलाय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकतीस पार्कांत असा गुप्त देखावा मी पाहिला नाही. पाऊण तास तिथे बसून रेखाटला.

असं काम अंधारात राहणं बरं नव्हे. म्हणून निघताना किशोर साहेबांच्या कार्यालयात रेखाटन आणि नकाशासह सविस्तर पत्र देऊन आलो. कुशाबांचा जाहीर सत्कार व्हावा अशी त्यात शिफारस आहे. मंडळाच्या पत्रकालाही मजकूर पाठवला. कुशाबांना आधी सांगू नका, अचानक कळू द्या.

आपला,
दयानंद बिराजदार


ढमालेवस्ती
९ मार्च २०२४

बिराजदार काका,

काका म्हणते, कारण साहेब म्हणून मला जे लिहायचं आहे ते लिहिता येणार नाही.

ते प्लास्टर नाही. काजळी रंगवलेली नाही. पाण्याला पाईप नाही. त्या आमच्या आसरा आहेत.

आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, सात बहिणी. झरा असतो तिथे त्या असतात आणि त्या जागच्याच असतात. देऊळ बांधून त्यांना दुसरीकडे नेता येत नाही. जागेवरून उचलला की तो नुसता दगड. आमच्या भावकीत नवी नवरी आधी तिथे जाते, मग घराचा उंबरा ओलांडते. बाळंतीण सव्वा महिन्यानं मूल घेऊन पहिली तिथे जाते. माझ्या चुलत्यांनी जमीन पार्काला दिली तेव्हा कागदावर झरा होता, आसरा नव्हत्या. त्याच जागी कडा बांधायचं ठरलं आणि काम आलं बाबांकडे. बाबांनी आराखड्यातला कडा चार फूट पुढे सरकवला आणि मागे ती फट ठेवली. कोणाला बोलले नाहीत. माझी आत्या धोंडाबाई तेव्हापासून पार्कात खुरपणीला जाते. तिला कामाची गरज नाही. दर शुक्रवारी बाकीच्या बायका जेवायला बसल्या की ती कड्यामागे जाते. तुम्ही पाहिलात तो दहीभात आदल्या दिवशीचा होता. आमच्या नवऱ्या आणि बाळंतिणी तिकीट काढून येतात, पाळण्यात बसायला आल्यासारख्या.

बाबांना मी कालच सांगितलं. ते उठून अंगणात जाऊन बसले. आत्या म्हणाली, "शेंदूर बघून बी कळलं न्हाई व्हय त्याला? कसला शिकलेला मानूस म्हनायचा ह्यो!"

देव आहे असं पार्कवाल्यांना सांगता येत नाही. जमीन त्यांची आहे. सांगितलं तर म्हणतील, फाटकापाशी संगमरवरी देऊळ बांधतो, तिथे नेऊन बसवतो, आणि वर उपकार केल्यासारखं दाखवतील. म्हणून तर पंधरा वर्षं लपवलं. तुम्ही पाऊण तासात कागदावर काढून त्यांच्या हातात दिलंत, नकाशासकट. मला तुमचा फार राग आला आहे. काहीतरी करा.

गौतमी


सूस
१६ मार्च २०२४

गौतमीताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. माझी मला लाज वाटली. आयुष्यात इतक्या देवळांत हात जोडले, पण पार्काच्या फाटकातून आत आलं की समोरची प्रत्येक गोष्ट कोणीतरी केलेली आहे, असंच मी धरून चालतो. खरं झाड दिसलं तरी मी बुंध्यावर टिचकी मारून बघतो. त्या दिवशी मी तिथे चप्पल घालून बसलो होतो, हे आता आठवतं.

पत्रक थांबवायला फोन केला. ते आदल्या दिवशीच टपालात पडलं होतं.

काल किशोर साहेबांना भेटलो. ते माझ्या पत्रावर खूश आहेत. चहा दिला, बराच वेळ बोलणं झालं. पुढे नेमकं काय करायचं हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. मी आत राहून लक्ष ठेवतो. आपण काळजी करू नये. तपशील पुढे कधीतरी कळवीन.

आपला,
दयानंद बिराजदार


ढमालेवस्ती
२० एप्रिल २०२४

काका,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. तपशील मला तुमच्याशिवायच कळला.

बुधवारी किशोर सरांनी एक मोठा फलक रंगवायला दिला. 'सात दगडांची गुहा. गुप्त खुणांची वाट. संकल्पना : दयानंद बिराजदार.' तुमचं नाव सोनेरी रंगात काढायचं आहे. मी ते अजून काढलेलं नाही, पण काढावं लागेल.

सोबत आराखडा होता. अक्षर तुमचं आहे, मी ओळखते. कडा पुढून फोडून लोकांना आत जायला वाट करणार. आत ओल आहे म्हणून झऱ्यावर काँक्रीट घालणार. दगड उचलून फाटकापाशी काचेच्या पेटीत ठेवणार आणि गुहेत त्यांच्या जागी मोठे फायबरचे बसवणार, लांबून दिसावेत म्हणून. ठेकेदार सहा मेला येतोय. सरांनी बाबांना विचारलं, "हे दगड तुम्हीच बसवलेत ना?" बाबा म्हणाले, "ध्यानात न्हाई सायेब, लई वर्सं झाली." घरी आल्यावर जेवले नाहीत.

आत्या म्हणाली, "उचलल्या तर मी बी त्या फाटकातनं पुन्यांदा आत जानार न्हाई. आन् गौतमीचं लगीन झाल्यावर तिला मी कुटं न्यायची? काचंपुढं?"

आत राहून लक्ष ठेवतो म्हणालात. आत बसून नाव लावून घेतलंत. मी तुम्हाला काका म्हटलं होतं.

गौतमी


सूस
२५ एप्रिल २०२४

गौतमीताई,

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. त्या भेटीत किशोर साहेब म्हणाले, तुमच्यासारखी नजर आमच्याकडे कोणाची नाही, ही खुणांची वाट तुम्हीच आखा. मी हो म्हणालो. त्या वेळी तुमचं पत्र माझ्या खिशात होतं.

कारण देतो, सबब म्हणून नव्हे. नऊ वर्षांचा असताना उदगीरच्या जत्रेत मायामहालाचा तंबू आला होता. आत अंधारात वीज कडाडायची, पाऊस कोसळल्याचा आवाज यायचा, बायका किंचाळायच्या. मी तंबूच्या मागच्या बाजूला गेलो. एक माणूस पत्रा हलवत होता आणि त्याची बायको सुपात खडे घोळवत होती. माझ्याबरोबरच्या पोरांना फसवल्यासारखं वाटलं. मला त्या दिवसाइतका आनंद नंतर झाला नाही. तेव्हापासून मी दुसऱ्यांच्या तंबूंच्या मागे हिंडतो आहे. नोकरीतल्या सगळ्या रजा त्यात घातल्या. माझी पत्नी सुलक्षणा सोबत यायची, मी भिंती बघत बसलो की बाकावर विणत बसायची. ती गेली तेव्हाही एका पार्काचं आरक्षण रद्द करायचं राहून गेलं होतं. इतक्या वर्षांत मला एकदा कोणीतरी म्हणावं की बाहेरून काय बघतोस, आत ये आणि तू कर, एवढीच इच्छा होती. ते म्हणणारं माणूस भेटलं ते इथे.

आत राहून आसरांना वाचवू, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. आराखडा काढताना मला आसरा आठवल्या नाहीत. गुहेत उजेड कुठून यावा याचा विचार मी चार दिवस केला.

आता कामाचं बोलतो. किशोर साहेब स्वतः कड्यामागे जाऊन आले आहेत का, की त्यांच्याकडे फक्त माझा कागद आहे? कोणाच्या डोळ्यांवर न येता ती फट बंद करायची तर कुशाबांना किती दिवस लागतील? आणि फटीचं तोंड बंद केलं तर धोंडाबाईंना आत जायला दुसरी वाट निघते का? यांची नेमकी उत्तरं द्या. रागावलेल्या असाल तरी द्या.

आपला,
दयानंद बिराजदार


ढमालेवस्ती
२९ एप्रिल २०२४

काका,

किशोर सर कड्यामागे गेलेले नाहीत. गांधीलमाश्यांना घाबरतात. ती भीती मीच घातलेली आहे. त्यांच्याकडे तुमचं पत्र, तुमचं रेखाटन आणि तुमचा नकाशा एवढंच आहे.

बाबांना दोन दिवस पुरतील. पावसाळ्याआधी कड्याची डागडुजी दर वर्षी असतेच. घमेलं घेऊन निघालेल्या बाबांना कोणी कुठे चाललात म्हणून विचारत नाही. उद्या मंगळवार, पार्क बंद. मी मागोमाग रंग मारीन, नवं-जुनं कळणार नाही. धबधब्याचं पंपघर कड्याला लागून आहे. ते वाल्मीक सांभाळतो, तो आमच्याच भावकीतला. पंपघराच्या भिंतीला खालून माणूस वाकून जाईल एवढी वाट काढता येते. वर 'धोका' लिहिलेली फळी लावली की झालं.

पण फट बंद झाली तरी तुमचा कागद आहेच. सर म्हणतील, मग बिराजदारांनी पाहिलं काय? ते कधी चुकत नाहीत म्हणतात. फोडून बघा. त्याला आमच्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे. ते काय ते मी सांगणार नाही.

गौतमी


(गौतमीताई, पाठवलेल्या पत्राची ही प्रत. हेच मंडळाच्या सर्व सभासदांनाही गेलं आहे. द. बि.)

सूस
३ मे २०२४

मा. व्यवस्थापक, मौजघाट मनोरंजन नगरी यांस,

स.न.वि.वि.

धबधब्याच्या कड्यामागे एका फटीत सात दगडांचा देखावा आहे, असं मी २ मार्चच्या पत्रात आपणांस कळवलं होतं. काल मी पुन्हा तिथे जाऊन आलो. तिथे सलग खडक आहे. फट नाही, दगड नाहीत.

तो देखावा मी कधी पाहिलेला नव्हता. लहानपणी गावाकडे विहिरीवर पाहिलेले दगड डोक्यात होते, ते मी कागदावर काढले आणि मौजघाटात आहेत असं लिहिलं. असं का झालं ते मला सांगता येत नाही. रेखाटन आणि नकाशा रद्द समजावेत. मंडळाच्या पत्रकातला मजकूर मागे घ्यावा. माझ्या आधीच्या नोंदींपैकी कोणत्या पाहून केल्या आणि कोणत्या मनाने, हेही आता मी खात्रीने सांगू शकत नाही. सभासदांनी त्यांवर विसंबू नये.

खुणांच्या वाटेचं काम माझ्याकडून काढून घ्यावं, ही विनंती. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे.

आपला,
दयानंद बिराजदार


ढमालेवस्ती
१२ मे २०२४

काका,

सहा तारखेला ठेकेदार आला. किशोर सर भर उन्हात रेनकोट आणि हेल्मेट घालून कड्यामागे उतरले, गांधीलमाश्यांसाठी. ठेकेदारानं खडकावर हातोडी मारून पाहिली. बाबांनी फटीच्या तोंडाला आतून विटा लावल्या होत्या, पोकळ आवाज आला नाही. त्यानं पाच-सहा ठिकाणी मारली आणि म्हणाला, "हितं काय बी न्हाई सायेब, उगा कशाला फोडताय." दहा मिनिटांत सगळे वर आले. गुहा रद्द झाली. फलक मी पुन्हा पांढरा केला. तुमचं नाव मी काढलेलंच नव्हतं.

शुक्रवारी आत्या पंपघरातून आत गेली. वाल्मीक दारात बसून होता. बऱ्याच वेळानं गुडघे धरत बाहेर आली आणि म्हणाली, "सातीच्या साती हायेत. पानी बी हाय." मग मला विचारलं, त्या माणसाला किती पोरं आहेत. मी म्हटलं एक मुलगा आहे, शैलेश. तिनं त्याच्या नावानं हळद-कुंकू वाहिलं. पुढच्या वेळी तुम्ही या. पंपघरातून मी स्वतः तुम्हाला नेते. बाबांचंही तेच म्हणणं आहे.

आता दुसरी गोष्ट. तुमचं पत्र किशोर सरांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "म्हातारं खुळावलंय, आणि मी त्याला चहा पाजत बसलो," म्हणाले. सगळे हसले. सर वाचताना मधूनमधून माझ्याकडे बघत होते, कारण पहिलं उत्तर मीच लिहिलं होतं. मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले, काका. बाबा हात धुवायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी सांगते. घरी येऊन मी खूप रडले.

तुमची,
गौतमी


सूस
२ जून २०२४

गौतमीताई,

हसलात ते बरोबर केलंत. तुम्ही एकट्या गप्प बसला असतात तर किशोर साहेबांना शंका आली असती. वाचून मला वाईट वाटलं, पण त्यात तुमची चूक काही नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हसा.

तुमचं बोलावणं पोचलं. मी येणार नाही. त्या कड्याकडे मी नुसती मान वळवली तरी कोणाच्या तरी मनात येईल. धोंडाबाईंना नमस्कार सांगा. चप्पल घालून बसलो होतो ते त्यांना सांगितलं नसेल तर तेही सांगा. कुशाबांच्या हाताला माझा वेगळा नमस्कार.

मंडळाकडून चार ओळींचं पत्र आलं. भाषा सभ्य आहे. माझ्या सगळ्या नोंदी संग्रहातून काढल्या, सभासदत्व मात्र ठेवलं आहे, जुना माणूस म्हणून. तुमच्या पालीही त्यातच गेल्या. त्या दिवशी मी दुपारचा चहा घेतला नाही, एवढंच.

घरचं सांगतो. शैलेशला हे मंडळातल्या कोणीतरी कळवलं. लहानपणी तो माझ्या खांद्यावर बसून अकरा पार्कं फिरला आहे. माझ्या वहीत जे लिहिलंय ते आहेच, हे त्याला शाळेतल्या पुस्तकापेक्षा खरं वाटायचं. तो ऑफिसातून लवकर आला, माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा, खरंच काही नव्हतं तिथे?" त्याला सांगावं असं फार वाटलं. पण आज शैलेशला सांगायचं, उद्या तो जुईलीला, म्हणजे माझ्या सुनेला सांगणार, आणि ती काही वाईट मनाने नव्हे, पण कुठेतरी बोलणार. मी म्हणालो, नव्हतं.

तेव्हापासून दोघं माझ्याशी हळू आवाजात बोलतात. जुईली सकाळी सहज विचारल्यासारखं विचारते, आज वार कोणता. मी बरोबर सांगतो, तर ती शाबास म्हणते. शेवटी मला बाणेरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. शैलेशला वाटत होतं की दोष नजरेचा असावा, चष्म्याने भागेल. मी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ चष्म्याशिवाय वाचली. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले डोळे मी फार कमी पाहिले. शैलेशचा चेहरा एकदम उतरला.

आता बाहेर निघालं की तो माझा हात धरूनच रस्ता ओलांडतो. मी धरू देतो.

तुमचा काका,
दयानंद